पाड्यावरची वाडी: कोंबडी, शेळी आणि भाजीचा वाफा

गोरेगाव पूर्वेच्या आरे दुग्ध वसाहतीत रस्त्याच्या एका अंगाला म्हशींचा तबेला आणि दुसऱ्या अंगाला वारली कुटुंबांचा पाडा, असे दृश्य ठिकठिकाणी दिसते. दोन्हीकडे जनावरे आहेत आणि दोन्हीकडे शेणही आहे. तबेल्यात वैरण आणि पेंड बाहेरून येते, दूध बाहेर जाते आणि मागे उरलेल्या शेणाचे काय करायचे हा रोजचा प्रश्न असतो. पाड्यावर शेळीची लेंडी घरामागच्या खड्ड्यात पडते आणि काकडी, भेंडी, अळू होऊन स्वयंपाकघरात परत येते. लहान वाडीवर किती जनावरे ठेवावीत, कोणती भाजी लावावी आणि दिवस कसा आखावा, हे ठरवताना हा फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो.

आरे वसाहत 1949 साली उभी राहिली. शहरातल्या दाट वस्तीत विखुरलेले तबेले बाहेर काढून एका जागी आणावेत आणि मुंबईला शुद्ध दूध मिळावे, ही त्यामागची कल्पना. मुंबई दूध योजनेचे दारा खुरोडी यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. 1963 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तबेल्यांना इथे ‘युनिट’ म्हणतात आणि अशी 32 युनिटे आहेत. पत्ता सांगतानाही माणसे युनिटचा नंबरच सांगतात. पाडे मात्र वसाहतीहून जुने आहेत. केल्टीपाडा, खांबाचा पाडा, हबाळेपाडा अशा 27 पाड्यांची गणती सहसा केली जाते. डोंगर ओलांडला की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने बोरिवलीला, तिकडे मुलुंड-भांडुपच्या बाजूलाही असेच पाडे लागतात. घराभोवती दोन-चार गुंठे जागा, काही घरांकडे भाताचे एखादे खाचर, आंबा-फणसाची झाडे, दारात कोंबड्या आणि मागे शेळी, असा या वाड्यांचा साधारण संसार. गोराई-मनोरीच्या किनाऱ्यावर जमीन वाळूसर आणि विहिरीचे पाणी मचूळ होण्याची भीती. तिथे माडाच्या आळ्यात मासळीचे खत पडते, एवढा फेर सोडला तर हिशेब तोच.

हिशेबाची सुरुवात खतापासून करावी. भाजीच्या जमिनीला एकरी 10 टन कुजलेले शेणखत घालावे असे सर्वसाधारण प्रमाण सांगतात. म्हणजे गुंठ्याला 250 किलो. एक शेळी दिवसाला पाऊण किलोच्या आसपास लेंडी टाकते. दोन शेळ्यांची वर्षाची लेंडी 500 किलोच्या घरात जाते आणि कुजून ती निम्मी होते. तेव्हा दोन शेळ्या म्हणजे एक गुंठा भाजी. हे गणित उलटेही वाचता येते. दोन शेळ्यांना मिळून रोज सात-आठ किलो हिरवा पाला लागतो, आणि वाडीच्या कुंपणावर तेवढा पाला वर्षभर निघत नसेल तर तिसरी शेळी घेण्यात शहाणपण नाही. गायीचा मोह तर सोडलेलाच बरा. तिला दिवसाला 20 ते 25 किलो हिरवी वैरण लागते. शिवाय मुंबईसारख्या नागरी क्षेत्रात गाय-म्हैस पाळायला 1976 च्या राज्य कायद्यानुसार परवाना काढावा लागतो. चार गुंठ्यांच्या वाडीला आठ-दहा कोंबड्या, एक कोंबडा आणि दोन शेळ्या पुरेशा होतात. त्याहून जास्त जनावर म्हणजे विकतचा चारा, आणि विकतच्या चाऱ्यावर उभी राहिलेली वाडी हळूहळू छोटा तबेलाच होते.

या भागातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र रात्रीची आहे. राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे 104 चौरस किलोमीटर, त्याला तीन बाजूंनी शहराचा वेढा आणि आत बिबटे. बिबट्याच्या विष्ठेच्या अभ्यासांतून दिसले आहे की भटके कुत्रे हे इथल्या बिबट्याचे महत्त्वाचे भक्ष्य आहे. कुत्रा कचऱ्यापाशी जमतो आणि बिबट्या कुत्र्यामागे येतो. तेव्हा उष्टे-खरकटे, कोंबडीची पिसे आणि आतडी उघड्यावर टाकणे म्हणजे त्याला वाट दाखवणे होय. 2002 ते 2004 या काळात या परिसरात माणसांवर हल्ले वाढले होते. त्यानंतर 2011 मध्ये वन विभागाने अभ्यासक आणि नागरिकांना सोबत घेऊन जनजागृतीचा उपक्रम सुरू केला. बिबट्या पकडून दुसरीकडे सोडल्याने प्रश्न सुटत नाही, उलट चिघळतो, हे त्यातून लोकांपर्यंत पोहोचले. पाड्यावरच्या जुन्या माणसांना हे नवे नव्हते. वाघोबाला देव मानणाऱ्या वारल्यांनी त्याच्याशी शेजार धरलेला आहे, आणि शेजाऱ्याच्या सवयी माहीत असणे हा त्या भक्तीचा व्यवहारी भाग आहे.

शेळीचा गोठा चारही बाजूंनी आणि वरूनही बंद हवा. चार-पाच फुटांची भिंत आणि वर मोकळे आकाश, असा वाडा बिबट्याला अडवत नाही. तो आत उडी मारतो आणि बांधलेल्या शेळीला पळायलाही जागा राहत नाही. कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपून केलेली भिंत हवेशीर असते, पण पंजाने ती फुटते. आतून जाड तारेची, जोडकाम केलेली जाळी लावावी. कोंबड्यांसाठी बाजारात मिळणारी षटकोनी घरांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. पत्रा नुसता दगड ठेवून दाबलेला नसावा, खिळ्यांनी ठोकलेला असावा. दाराला कडी आणि कडीला खिट्टी असावी. दिवेलागणीला जनावरे आत घेऊन मोजावीत. अंधार पडल्यावर हरवलेल्या करडाला शोधायला मुलांना पाठवू नये. बाहेर वाकून किंवा उकिडवे बसलेल्या माणसाला धोका जास्त असतो, म्हणून पहाटेची धार, शेण काढणे ही कामे उजाडल्यावर किंवा दिव्याच्या प्रकाशात करावीत. शेळी मारली गेलीच तर ती न हलवता लगेच वन विभागाला कळवावे. भरपाईसाठी जागेवरचा पंचनामा लागतो. वन विभागाचा दूरध्वनी क्रमांक 1926 आहे.

कोंबडीचे शत्रू लहान असतात, पण अधिक चिवट. उदमांजर, घूस आणि साप रात्री, मुंगूस आणि घार दिवसा. खुराडे जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, बांबूच्या किंवा लाकडाच्या पायांवर उभारावे. खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची जाळी मारावी, कारण मुंगसाला मुठीएवढे भोक पुरते. रात्री एका कोंबडीला दीड ते दोन चौरस फूट जागा लागते. नव्या पिलांना पहिले काही आठवडे डालग्याखाली ठेवावे. डालगे बांबूचे, वजनदार आणि घारीची बोटे शिरणार नाहीत इतके घट्ट विणलेले असावे.

गावठी कोंबडी वर्षाला 50 ते 80 अंडी देते. दहा-पंधरा अंड्यांचा एक फेर झाला की ती खुडूक होते, 21 दिवस बसते आणि मग पिलांमागे फिरते. अंड्यांच्या मोजणीत सुधारित जाती तिच्या कितीतरी पुढे आहेत. पण स्वतः बसून पिले काढणे, घार दिसली की ओरडून त्यांना आडोशाला घालणे आणि मोकळ्यावर पोट भरणे यांत गावठी कोंबडीला तोड नाही. वाडीवर हेच गुण कामाला येतात. सकाळी मूठभर कणी किंवा कोंडा घालून तिला सोडावे. वाळवी, किडे, गवताचे बी ती स्वतः शोधते. अंड्याचे कवच पातळ पडू लागले तर शिंपल्याची भुकटी द्यावी. मढ, मनोरी, गोराईच्या किनाऱ्यावर शिंपले फुकट मिळतात. चुलीतली थंड राख एका कोपऱ्यात टाकून ठेवली की कोंबड्या तिच्यात लोळतात आणि पिसांतल्या उवा कमी होतात.

कोंबड्यांच्या रोगांत मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा सर्वांत वाईट. तो आला की आठवड्यात अख्ख्या पाड्याची खुराडी रिकामी होतात. त्यावर औषध नाही, लस आहे. पिलू पाच-सात दिवसांचे असताना लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास पंखाखाली दुसरी लस टोचतात. अडचण अशी की लशीची बाटली बहुधा 100 मात्रांची असते, ती बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घराला एकट्याने ती परवडत नाही, म्हणून ती टोचलीच जात नाही. पाड्यातल्या सगळ्या घरांनी एक संध्याकाळ ठरवावी, कोंबड्या खुराड्यात आल्यावर बाटली फोडावी आणि घरोघर फिरून ती संपवावी. खर्च घरटी काही रुपयांवर येतो. एवढी साधी गोष्ट होत नाही याचे कारण पैसा नव्हे. पुढाकार कोणी घ्यायचा, एवढेच.

शेळीचे पोट पाल्यावर चालते. शेवरी, सुबाभूळ, उंबर, बोर, फणस यांचा पाला तिला आवडतो. सुबाभूळ मात्र एकूण पाल्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त देऊ नये, कारण सतत तोच खाल्ल्याने केस गळतात. पाला जमिनीवर न टाकता दोरीने उंच टांगावा. शेळी तुडवलेले खात नाही, आणि जमिनीवरच्या ओल्या गवतातून पोटात जंत जातात. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत जनावरे चारायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे शेळी दारात बांधून, पाला कापून आणूनच सांभाळावी लागते. गाभण काळ 150 दिवसांचा. करडू जन्मल्यावर तासाभरात त्याला आईचा चीक मिळाला पाहिजे. तो न मिळालेली करडे पहिल्या पावसातच दगावतात. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी द्यावी आणि पहिल्यांदाच देत असल्यास 14 दिवसांनी पुन्हा टोचावी. पीपीआर या साथीच्या रोगाची एक लस सुमारे तीन वर्षे पुरते. जंताचे औषध पावसाच्या आधी आणि पाऊस सरल्यावर असे दोनदा द्यावे.

पशुवैद्य इथे दूर नाही. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून परळला आहे आणि त्याचा एक परिसर आरे वसाहतीतच आहे. परळलाच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय 1883 पासून चालू आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे.

पावसाळा हा उपनगरातल्या जनावरांचा खरा कसोटीचा काळ. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी उपनगरांतल्या तबेल्यांत दाव्याला बांधलेल्या म्हशी जागच्या जागी बुडाल्या. म्हैस उत्तम पोहते, पण दाव्याला बांधलेली म्हैस पोहू शकत नाही. दावे नेहमी ओढताच सुटणाऱ्या गाठीने बांधावे आणि ती गाठ घरातल्या मुलांनाही सोडता आली पाहिजे. गोठ्याची जमीन अंगणापेक्षा हातभर उंच हवी. खुराड्यातले भाताचे तूस ओले राहिले की कोंबड्यांना रक्ती हगवण लागते. ते रोज ढवळून, ओले झालेले काढून नवे घालावे. माणसालाही जपायला हवे. उंदराच्या आणि जनावरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि पायाच्या भेगांतून शरीरात शिरतात. चिखलात गमबूट घालून उतरावे. पायाला जखम असताना पाण्यात जावेच लागले आणि नंतर ताप आला, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता पालिकेच्या दवाखान्यात जावे.

खताच्या खड्ड्यावर छप्पर असावे. मुंबईत वर्षभरात दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उघड्या खड्ड्यातला कस पहिल्या पंधरवड्यातच नाल्याला मिळतो. लेंडी, पालापाचोळा आणि राख यांचे थर द्यावेत. कोंबडीची विष्ठा वेगळी साठवावी. शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास, तर कोंबडीखतात तीन टक्क्यांच्या आसपास असते. ते ताजे घातले तर रोपे करपतात. दोन-तीन महिने मुरल्यावर मूठ-मूठ वापरावे. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याची, राबाची, कोकणात जुनी चाल आहे. रानाला खेटून असलेल्या पाड्यावर, गवत वाळलेल्या एप्रिल-मे महिन्यात ती सोडून द्यावी हे बरे. गादीवाफ्यावर कुजलेले खत घालून रोपे तितकीच चांगली येतात आणि वणव्याचा धोका टळतो.

वाफ्यात काय लावायचे हे माकडांना विचारून ठरवावे लागते, असे पाड्यावर गमतीने म्हणता येईल. काकडी, शिराळी, मका, पपई यांवर त्यांचा डोळा असतो. अळू, सुरण, हळद, आले यांना ती सहसा हात लावत नाहीत. तेव्हा रानाकडच्या बाजूला कंद आणि घराच्या बाजूला, माणसांच्या वावरात, वेलांचे मांडव, अशी मांडणी सोयीची. शेवगा आणि शेवरी कुंपणात लावली की पाला शेळीला आणि शेंगा घराला मिळतात. पावसाळ्यात आफ्रिकन गोगलगाई कोवळी रोपे रातोरात फस्त करतात. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात त्या वेचून मिठाच्या पाण्यात टाकणे, यापेक्षा खात्रीचा उपाय नाही. ताज्या पेरलेल्या वाफ्यात कोंबड्या सोडू नयेत. पीक निघाल्यावर मात्र चार दिवस जरूर सोडाव्यात, त्या माती उकरून किडीचे कोष खातात.

पाण्याबाबत तडजोड नको. उपनगरी रेल्वेच्या रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर वाढवलेला पालक आणि माठ मुंबईकराने गाडीच्या खिडकीतून पाहिलेला असतो. तो हिरवागार दिसतो, पण सांडपाण्यातले जंतू आणि जड धातू त्यात उतरतात. तबेल्याचे धुवणही पालेभाजीवर थेट सोडू नये. ते गवताला द्यावे. आरेतले पॅरा गवत तशा पाण्यावर जोमाने वाढते.

पाऊस पडला की वाडीबाहेरची भाजीही घरात येते. पहिल्या सरींनंतर शेवळे, मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कंटोळी. शेवळे घशाला खाजतात, म्हणून काकडाच्या आंबट फळांबरोबर किंवा चिंच-आमसूल घालूनच ती शिजवतात. टाकळा फुलावर येण्याआधीच कोवळा खुडावा. कंद उपटून आणू नये, नाहीतर पुढच्या वर्षी त्या जागी काहीच उगवत नाही. जाणकार बाईबरोबर दोन पावसाळे काढल्याशिवाय रानभाजी खुडू नये. ओळख पुस्तकातल्या चित्रावरून होत नाही. गोरेगाव, जोगेश्वरी, अंधेरीच्या बाजारात पाड्यावरच्या बायका पाटीत या जुड्या घेऊन बसतात. घ्यायच्या तर त्यांच्याकडून घ्याव्यात आणि घासाघीस करू नये.

अंडी विकावीत की खावीत, हा प्रश्न प्रत्येक वाडीवर येतो. गावठी अंड्याला शहरात चांगला भाव आहे, त्यामुळे घरातल्या पोराच्या ताटातले अंडे बाजारात जाते. आधी मुलांना आणि गरोदर बाईला, मग पिलांसाठी बसवायला, आणि उरले तर बाजाराला, असा क्रम असावा. शेळीचे दूध अर्धा-एक लिटरच निघते. ते घरीच लागते, आणि उकळल्याशिवाय कोणालाही देऊ नये.

अश्विन वद्य द्वादशीला शहरात वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा होते; पाड्यावर त्याच दिवशी वाघबारस असते आणि वाघोबाला मान दिला जातो. त्या सुमारास भाताची कापणी उरकत आलेली असते आणि खाचरातल्या उरल्या ओलीवर वालाचे बी टाकतात. वालाला जवळजवळ पाणीच लागत नाही. हिवाळ्यात घराजवळच्या वाफ्यात मुळा, माठ, वांगी निघतात. फेब्रुवारीनंतर पाणी आटते. मग शेवगा, फणस, केळ आणि साठवलेले वाल, करांदे यांवर भागवावे आणि वाफे पालापाचोळ्याने झाकून विश्रांतीला सोडावेत. काकडी, शिराळी, भेंडीची एक-दोन चांगली फळे वेलावर पिकू देऊन त्यांचे बी राखेत घोळवून बाटलीत ठेवावे. मे महिन्यात गोठ्याचा पत्रा तपासावा, लशीची संध्याकाळ ठरवावी आणि बियांची बाटली उन्हात उघडावी. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पाऊस साधारण 11 जूनला पोहोचतो. ही तिन्ही कामे त्याआधी झालेली असावीत.